ओतिलिया आजींचं काय चुकलं?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या आवाको गावचे प्रमुख डॉन नासारियो, घाटातली दरड चुकवून वेळेवर पोहोचलेले फादर एलिगियो, उन्हाळाभर घसा बसेपर्यंत शिकवणारे मास्तर क्रेसेन्सियो, सातासमुद्रापलीकडून आमची नावाट्ल भाषा शिकायला आलेले आणि उद्या सकाळच्या बसने निघणारे आमचे विद्यार्थी पाहुणे, पहाटेपासून मक्याच्या पिठाचे तमाल वाफवणाऱ्या आयाबहिणी, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या ओतिलिया आजी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी फिदेन्सिया, मक्याच्या गिरणीवाली. पाहुण्यांची घरोघरी सोय लावणाऱ्या समितीची मी चिटणीस, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी दोन शब्दांवर थांबत नाही हे गिरणीवर येणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. तेव्हा बँडवाल्यांनी खुशाल बसून घ्यावं.

पाहुण्यांचं कौतुक करायला मी उभी आहे आणि ते मनापासून करते. डेन्मार्कची आस्त्रिद माझ्याकडे उतरली होती. पहिल्या आठवड्यात तिला मास्तरांनी आदरार्थी बोलायला शिकवलं. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परसात उभी राहून आमच्या डुकराला हात जोडून विचारतेय, "आपलं जेवण झालं का?" माझा नवरा मला म्हणाला, "बघ, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला असं कोणी विचारलं नाही." हसा, हसा. तीही हसतेय बघा. पण त्याच आस्त्रिदने आता भाषा अशी उचललीय, की माझ्या शेजारणीशी कोंबड्यांवरून भांडून आली. भांडता आलं म्हणजे भाषा आली, असं मी मानते.

आता मला जे बोलायचंय ते कागदावर नाही. डॉन नासारियो, तुम्ही वाचून मंजूर केलेला कागद इथं घडी घालून ठेवते. रागावू नका.

परवाची गोष्ट. आस्त्रिद गिरणीवर आली, भिजवलेल्या मक्याची बादली खाली ठेवली आणि मला म्हणाली, "फिदेन्सियाताई, एक विचारू? ओतिलिया आजी म्हणतात, आम्ही पाहुणे गेलो की गाव त्यांच्यावर रागावतं. दर वर्षी. त्यांचं काय चुकतं ते मी तुम्हाला विचारून त्यांना सांगायचं. त्यांच्यात स्वतः विचारायची हिंमत उरली नाही म्हणतात."

गिरणी चालू होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि मक्याचं पीठ काढत राहिले. ती पोर थांबली, मग बादली घेऊन निघून गेली.

पाहुणेहो, तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. हे उन्हाळी वर्ग पहिल्यांदा आले त्याच्या आधी ते चालवणारी माणसं गावं बघत फिरत होती. त्यांची एकच अट होती. ज्या गावच्या रस्त्यावर भाषा कानावर पडते, तिथंच मुलांना ठेवणार. या इथंच, याच छताखाली, गावाची सभा बसली. कोणीतरी म्हणालं, "अहो, पण आपण तर रस्त्यात स्पॅनिशच बोलतो." आणि मागून आवाज आला, "मग उन्हाळाभर नाही बोलायचं! नावाट्ल येतंय ना सगळ्यांना?" तो आवाज माझा होता. टाळ्या पडल्या. मला फार हुशारी वाटली माझी.

येत होतं, त्यात खोटं काही नाही. माझ्या वयाच्या प्रत्येकाला येतं. आईच्या मांडीवर आम्ही तेच ऐकलं. पण पुएब्ला शहरात लोकांच्या घरी कामाला गेलो, तिथं तोंडून एक शब्द निसटला की जेवणाच्या टेबलावर हशा व्हायचा. मी पोटुशी राहिले तेव्हा ठरवलं, माझ्या मुलांना हसणार नाही कोणी. तुम्हीही ठरवलंत. मुलांशी बोलायचं सोडलं, मग एकमेकांशी, आणि शेवटी म्हाताऱ्यांशी.

तर पहिल्या उन्हाळ्यात पाहुणे आले आणि सगळं गाव नावाट्ल बोलायला लागलं. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, माझ्या गिरणीत. ओतिलिया आजी तेव्हा घराबाहेर पडत नव्हत्या. नवरा गेलेला, मुलगी कामासाठी उत्तरेकडे सरहद्दीपलीकडे, डोळ्यांना धूसर दिसायचं. त्यांनी खिडकीतून आपली भाषा ऐकली आणि काठी घेऊन बाहेर आल्या. भाषेचे वर्ग वगैरे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की गाव बोलायला लागलं.

रोज सकाळी त्या गिरणीवर यायच्या. दळायला मूठभर मका, पण बाकावर बसायच्या उन्हं चढेपर्यंत. काय बोलायच्या त्या! कोणाचं लग्न कोणी मोडलं, कुठल्या वळणावर कोणाचं गाढव घसरलं, माझी आजी लहानपणी किती चोरटी होती. दळायला येणारी चेला म्हणायची, "आजी, तुम्ही मेल्यावर हे सगळं बरोबर नेणार का?" त्या म्हणायच्या, "म्हणून तर तुझ्याकडे ठेवून चाललेय, भवाने." आम्ही हसून हसून लोळायचो. मला ते दिवस खरंच आवडले होते. त्याचीच जास्त लाज वाटते.

उन्हाळा संपला. बस गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गिरणीवर आल्या आणि रोजच्यासारखी हाक मारली. आणि आम्ही, मी, चेला, सगळ्याजणी, स्पॅनिशमध्ये "बरं, बरं" म्हणून आपापल्या बादल्यांकडे वळलो. मुद्दाम नाही हो. कोणाच्या मनातही काही नव्हतं. सणाचे कपडे पेटीत घालतो, तसं केलं. त्या थोडा वेळ बसल्या. कोणीच काही बोलेना, तेव्हा उठून गेल्या.

त्या रविवारी त्यांनी पाव भाजले आणि घरोघरी निघाल्या. माझ्या दारात उभ्या राहिल्या, शालीखालून पाव काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरी, माझं तोंड फार चालतं. तुझ्या आजीला चोरटी म्हटलं ते मनावर घेतलंस का? म्हातारी आहे मी, माफ कर."

मी काय बोलले असेन? आमच्या भाषेत चार वाक्यं बोलले असते तर भागलं असतं. पण घरात मुलं होती, शहरातली सून आलेली होती. मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, "काही नाही आजी, काही नाही." आणि पाव घेतला. संध्याकाळी कॉफीबरोबर आम्ही तो खाल्ला. चांगला झाला होता.

आणि तुम्ही? माना खाली कशाला घालता? इथं असं एक तरी घर आहे का, जिथं त्या आल्या नाहीत? कोणी सांगितलं त्यांना? फादर, तुम्ही हसताय, पण चर्चच्या दारात तुमच्याकडेही आल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे आले, आम्ही पुन्हा बोलायला लागलो. आजींना वाटलं, गावाने माफ केलं. मेणबत्ती लावली त्यांनी देवाला. बस गेली, आम्ही पुन्हा गप्प. त्या पुन्हा दारोदार. आणि उद्या पुन्हा बस जाणार आहे.

मास्तर, खुणा करू नका. मला कळतंय, हे ऐकून पाहुण्यांची माणसं पुढच्या वर्षी दुसरं गाव शोधतील. शोधोत. आपण त्यांना फसवलं असं ते म्हणतील तर म्हणोत.

समारंभाच्या रीतीने मी इतका वेळ स्पॅनिशमध्ये बोलतेय आणि आजी हसून मान डोलावताहेत. त्यांना बाजारापुरतं कळतं, भाषण कळत नाही. आपलं नाव आलं म्हणजे कोणीतरी कौतुक करतंय, असं त्यांना वाटतंय. हे मला आता बघवत नाही. जे सांगितलं ते मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगते. चुकले तर आस्त्रिद, तू सांभाळून घे.

ओतिलिया आजी, इकडे बघा. मी फिदेन्सिया. तुमचं काहीच चुकलं नाही. कोणी कधीच रागावलं नव्हतं. आम्ही पाहुण्यांसाठी बोलत होतो. ते गेले की गप्प बसत होतो. तुम्ही माफी मागायला आलात, आणि आम्ही मागू दिली.

काय म्हणता? … हो, सगळे. … नाही, राग नव्हता.

मंडळी, त्या विचारताहेत, राग नव्हता तर बोलत का नव्हतात?

लाज वाटायची, आजी. … कोणाची? … आपल्या बोलीची. … हो. तुमचीही.

जरा शांत बसा रे मागे, ऐकू द्या.

त्या म्हणताहेत, "ही परकी पोरं माझ्याशी बोलली, त्यांना नाही वाटली लाज."

आजी, बसा ना. अजून जेवण आहे. … नाही बसत म्हणतात. आस्त्रिद, हात दे त्यांना, पायरी आहे तिथं. वाट द्या.

काय म्हणाल्या जाता जाता, ते सर्वांनी ऐकलं, पण आपल्या पोरांना कळलं नसेल म्हणून सांगते. "उद्यापासून मी गिरणीवर येणार नाही. ज्याला बोलायचंय त्याने माझ्या दारी यावं. कीव करायला येऊ नका. काही सांगण्यासारखं असेल तरच या."

अध्यक्षमहाराज, रीतीप्रमाणे मला आभार मानायचे आहेत. तमाल करणाऱ्या बायकांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, बँडवाल्यांचे, आणि आमच्या घरांत राहून आमच्यापेक्षा जास्त बोललेल्या या पाहुण्यांचे मी आभार मानते. तुमचा प्रवास सुखाचा होवो. माझ्या बोलण्यात आपणापैकी कोणाला काही लागलं असेल, अध्यक्षांनी मंजूर केलेला कागद मी वाचला नाही, त्याबद्दल मोठ्या मनाने सांभाळून घ्या. ओतिलिया आजींनी सांभाळून घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही.

डॉन नासारियो, पुढचा कार्यक्रम तुम्ही चालवा. मला त्यांच्या मागे जायला हवं, आणि गाठल्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.