एकतीस तासांची हजेरी

(दक्षिण इटलीतलं डोंगरावरचं एक गाव. सप्टेंबरचा पहिला शुक्रवार, दुपारचे अडीच. एर्सिलिया स्वयंपाकघरात बसून लाल मिरच्या सुईदोऱ्यात ओवतेय. तिचा नवरा जेरार्दो नगरपालिकेतून नुकताच घरी आलाय. मुलगी दोनाता कालच नापोलीहून आलीय आणि ओट्याशेजारच्या संगणकासमोर, जेरार्दोच्या ऑनलाइन पदवीचं पान उघडून बसलीय.)

जेरार्दो: पुन्हा बघ, दोनाता. तुझं काहीतरी चुकतंय.

दोनाता: मी फक्त वाचतेय, पापा. प्रशासकीय कायदा, भाग दुसरा. एकूण तास अठ्ठेचाळीस, पाहिलेले सतरा, राहिलेले एकतीस. आणि हे लाल अक्षरांत आहे.

जेरार्दो: जुलैअखेर सगळं हिरवं होतं.

दोनाता: जुलैअखेर हा विषय सुरूच झाला नव्हता. खाली लिहिलंय ते ऐक. सोमवारी दुपारी बारापर्यंत हजेरी पुरी नसेल, तर या सत्रात शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. पुढचं सत्र फेब्रुवारीत.

जेरार्दो: फेब्रुवारी? ऑक्टोबरअखेर अर्ज बंद होतात. मुद्दा नीट समजून घ्या. नोंदणी कार्यालयाचं प्रमुखपद आहे. पदवी नसेल तर अर्ज हातातसुद्धा घेणार नाहीत. आणि माझी नोकरी राहिलीय किती, सहा वर्षं.

एर्सिलिया: समजलं. दीड वर्षं हेच समजून घेतेय.

जेरार्दो: मग हे झालं कसं? तू धडे लावत होतीस ना?

एर्सिलिया: रोज लावत होते.

जेरार्दो: आणि बटण?

एर्सिलिया: ते नाही दाबलं.

दोनाता: कसलं बटण, मम्मा?

एर्सिलिया: दर दहा मिनिटांनी धडा थांबतो, एक चौकट येते आणि विचारते, तुम्ही समोर आहात का? हो म्हणून दाबलं की ती दहा मिनिटं जमा. नाही दाबलं की गेली.

दोनाता: म्हणजे पापाच्या नावानं हो तू म्हणत होतीस. दीड वर्षं.

जेरार्दो: सगळेच करतात. करवसुलीतला रोक्को तर सासूला बसवतो. मी आठ तास कचेरीत असतो, मी कधी बघणार?

दोनाता: कचेरी सुटल्यावर.

एर्सिलिया: सुटल्यावर नुंत्सियोच्या बारमध्ये पत्ते असतात.

जेरार्दो: माणसाला डोकं मोकळं करायला लागतं.

एर्सिलिया: तुझं मोकळंच होतं. धडे माझ्या डोक्यात जात होते.

दोनाता: आणि परीक्षा? त्या तर शहरात जाऊन द्यायच्या होत्या.

एर्सिलिया: त्यांचे प्रश्न आधीच मिळतात, जाडजूड गठ्ठा. पर्यायांचे असतात. जेवताना मी विचारायची. अठरावा? तुझा पापा म्हणायचा, क. एकोणिसावा? अ. मी प्रश्न वाचायला लागले की चिडायचा. म्हणायचा, प्रश्न नको, वेळ जातो, नुसता आकडा सांग.

दोनाता: शी.

जेरार्दो: शी काय त्यात? याच कायद्याच्या पहिल्या भागात तीसपैकी अठ्ठावीस आहेत मला.

दोनाता: त्याच विषयात मी दोनदा नापास झाले होते. नापोलीत, पिझ्झेरियात भांडी घासून शिकत होते तेव्हा. सहा वर्षं गेली माझी.

जेरार्दो: तुला कोणी सांगितलं होतं सहा वर्षं घालवायला? हे बघ, वर्षाला दोन हजार युरो, तेही हप्त्यानं. तीस वर्षांची नोकरी धरून अर्धे विषय माफ. तीन वर्षांचं शिक्षण दीड वर्षात, घर न सोडता. सरकारमान्य आहे. मी काही चोरी केलेली नाही.

एर्सिलिया: त्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. शिकवणारे मन लावून शिकवतात. किळस मला तुझी येते.

जेरार्दो: मुलीसमोर असं बोलतात का?

एर्सिलिया: आपण दोघंच होतो तेव्हा बोलून झालं. तू टीव्हीचा आवाज वाढवलास.

जेरार्दो: बरं. पण सतरा तास दाबलंस, मग मधेच काय अंगात आलं तुझ्या?

एर्सिलिया: ऑगस्टमध्ये, मरियामातेच्या सणाला तुझ्या भावाकडे जेवायला गेलो होतो. कानियोला नव्या घराचा रहिवासी दाखला हवा होता. तू म्हणालास, कागद आण, सोमवारी मीच सही करतो. तेव्हा मी काय म्हणाले?

जेरार्दो: मला नाही आठवत.

एर्सिलिया: आठवतं तुला. मी म्हणाले, सख्ख्या भावाच्या कागदावर तुला सही करता येत नाही. आपल्या माणसाचं काम आलं की आपण बाजूला व्हायचं, ते दुसऱ्याच्या टेबलावर द्यायचं. आणि तू काय म्हणालास? चौदा माणसं होती ताटावर.

दोनाता: काय म्हणालास, पापा?

जेरार्दो: थट्टा केली होती जरा.

एर्सिलिया: म्हणाला, तू मिरच्या बघ. हे शिकलेल्या माणसांचं बोलणं आहे. सगळे हसले. कानियोची बायको तर तोंडावर रुमाल धरून हसत होती, तिला ठसका लागेपर्यंत. आणि तो धडा मी दोनच दिवस आधी ऐकला होता. तुझ्या नावावर जमा आहे बघ तो, बारावा तास.

दोनाता: मम्माचं बरोबर आहे. कायदा हेच सांगतो. सही केलीस तू?

जेरार्दो: तो वेगळा विषय आहे.

दोनाता: म्हणजे केलीस.

जेरार्दो: कानियोला घाई होती.

एर्सिलिया: दुसऱ्या दिवशी मी धडा लावला. चौकट आली, समोर आहात का? मनात म्हटलं, तो तर नाही. मी आहे, पण माझं हो त्याच्या खात्यात जातं. मग हात मांडीवर ठेवले. धडा थांबला. मी तो पहिल्यापासून लावला. तो पुन्हा थांबला, पुन्हा लावला. असे तीन आठवडे. एकेक गोष्ट चार-चारदा ऐकली. चांगली समजली.

जेरार्दो: आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

एर्सिलिया: तू एकदा तरी येऊन बघितलं असतंस तर लाल अक्षरं तुलाही दिसली असती.

जेरार्दो: अगं, चाळीस माणसांचं जेवण सांगून ठेवलंय मी. पदवीच्या दिवशी घालायचा लॉरेलच्या पानांचा मुकुट सांगितलाय, वाटायचे लाल साखरेचे बदाम आलेत. नुंत्सियो आत्तापासूनच मला दोत्तोरे, पदवीधर साहेब, म्हणून हाक मारतो. मी लोकांना काय तोंड दाखवू?

दोनाता: जे आहे ते दाखव.

जेरार्दो: तू मधे पडू नकोस. एर्सिलिया, प्रबंधात मी तुझे आभार मानलेत. छापलंय. दोनाता, पहिलंच पान उघड आणि वाचून दाखव तिला.

दोनाता: हं. माननीय महापौरांचे त्यांच्या प्रेरणेबद्दल. मुख्य सचिवांचे त्यांच्या दूरदृष्टीबद्दल. मित्र नुंत्सियो यांचे, कठीण काळातल्या आधाराबद्दल. आणि माझ्या पत्नीचे, कॉफीबद्दल आणि घरात शांतता राखल्याबद्दल.

एर्सिलिया: मी वाचलंय ते. टंकलेखनाच्या चुका मीच काढल्या त्यातल्या.

दोनाता: मम्मा, तू कसं सहन केलंस हे?

एर्सिलिया: चुका काढून झाल्यावर ते पान बंद केलं. खिडकी उघडून उभी राहिले जरा वेळ.

जेरार्दो: पान बदलू. हवं तर महापौरांच्या आधी घालतो तुला.

एर्सिलिया: नको घालू मला कुठेच.

जेरार्दो: बरं, भांडण नंतर करू. आता उपाय बघू. तुम्ही दोघी आहात. आळीपाळीनं बसलात तर सोमवार सकाळपर्यंत आरामात होतं.

दोनाता: मी हात लावणार नाही.

एर्सिलिया: मीही नाही.

जेरार्दो: पगार वाढला तर तो मी एकटा खाणार आहे का? या घरासाठीच चाललंय ना सगळं?

एर्सिलिया: घरासाठी आहे ना? मग बस.

जेरार्दो: मी?

एर्सिलिया: आत्तापासून रात्री नऊपर्यंत सहा तास होतात. उद्या शनिवार, कचेरी बंद, अकरा तास. रविवारी अकरा. सोमवारी सकाळी रजा टाक, तीन. झाले एकतीस. मी हे मांडून ठेवलंय, तुला सोडून द्यायचं असतं तर मांडलं नसतं.

जेरार्दो: रविवारी सामना आहे. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढा वेळ बसून डोक्यात काही शिरत नाही, एर्सिलिया. खरंच सांगतो. तो कायदा ऐकला की डोळे मिटतात माझे.

एर्सिलिया: मी अडतिसाव्या वर्षी अक्षरं शिकले. दिवसभर दुसऱ्यांची द्राक्षं तोडून संध्याकाळच्या शाळेत जायची. माझेही मिटायचे.

दोनाता: माझ्याच वर्गात बसायचीस तू, संध्याकाळी. माझ्या बाकावर गुडघे मावायचे नाहीत तुझे.

एर्सिलिया: आणि पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा ह्यानं एकच विचारलं. जेवण कोण करणार?

जेरार्दो: वीस वर्षांपूर्वीचं काय उकरतेस?

एर्सिलिया: उकरत नाही. आज जेवण मी करते. तू बस.

दोनाता: मम्मा, खरं तर ती परीक्षा तूच द्यायला हवी.

एर्सिलिया: मला आधी वरच्या शाळेचा दाखला लागेल. दोन वर्षं आहेत त्याची. विचारून आलेय मी.

जेरार्दो: कुठे विचारून आलीस? कधी?

एर्सिलिया: तू पत्ते खेळत होतास तेव्हा. सरक, दोनाता, त्याला खुर्ची दे.

जेरार्दो: आणि मला डुलकी लागली तर?

दोनाता: तर ती दहा मिनिटं जातील. लावू?

जेरार्दो: लाव. आवाज जरा कमी कर.

एर्सिलिया: आवाज आहे तेवढाच राहू दे. मलाही ऐकायचंय.

जेरार्दो: किती वेळ झाला?

दोनाता: चार मिनिटं.

जेरार्दो: फार सावकाश बोलते ही बाई.

एर्सिलिया: ऐकणाऱ्याला लिहून घेता यावं म्हणून.

जेरार्दो: आहे कोण ही?

दोनाता: पापा, शेवटच्या परीक्षेला तुझ्यासमोर हीच बसणार आहे. परीक्षकांत पहिलं नाव हिचं आहे.

जेरार्दो: ही? मी तर हिला आज पहिल्यांदा बघतोय. एर्सिलिया, तू ओळखतेस हिला?

एर्सिलिया: दीड वर्षं येतेय ती या स्वयंपाकघरात.