गुळाची भिंत

मी रेवदंड्याचा. बाप धर्मा गवंडी, शिंपल्या भाजून चुना करायचा, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायचा, आणि पोर्तुगीजांच्या कोटाची पडझड सांधायचा. माझी शाळा सातवीला सुटली ती त्या चुन्यातच. बायकोला आयर्लंडमधल्या नास गावच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून इकडे आलो, आधी दुसऱ्याच्या हाताखाली विटा वाहिल्या, मग स्वतःची गाडी, स्वतःची माणसं. जुन्या भिंती चुन्याने सांधतो. भाव करायला माझ्यासमोर बसलेला कोणी हसत उठलेला नाही.

तर काय सांगू तुम्हाला, इथं समुद्रावर एक किल्ला आहे. स्पॅनिश सैनिकांनी बांधला, मग इंग्रजांनी घेतला, बराकी केल्या, पुढे तुरुंग, आता म्युझियम. स्पॅनिश भिंत एकच उरली, तिला कोणीतरी सिमेंट फासलेलं, आतून घामेजत होती. म्युझियमच्या आर्किटेक्टने मला बोलावलं, चहा पाजला, बाप काय काय करायचा विचारलं. एरवी मी पक्का, पण बापाचं नाव निघालं की पाघळतो. मी सांगत गेलो, तो लिहून घेत गेला. आठवड्याने निरोप आला, काम दुसऱ्याला दिलं, तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही. फोन मी भिंतीवर मारला.

मग ल्यूकन गावातला आपला देशी किराणावाला हसत सांगायला लागला, अहो, एक गोरा साहेब सगळा गूळ उचलून घेऊन गेला. मला कळलं, हा तो आर्किटेक्टच. आता बघा, गूळ रेवदंड्याच्या उन्हात चालतो. इथं गुळाने चुना लवकर धरत नाही, ओला राहतो, आणि ओल्या चुन्यात पाणी गोठलं की पापुद्रे सुटतात. पहिल्या वर्षी मीच माझ्या कुंपणाच्या भिंतीवर ही चूक केलेली. बायको म्हणाली, अहो, एक फोन करा, भिंतीनं काय केलंय तुमचं. नाही केला.

उद्घाटनाला तिकीट काढून गेलो. पाटीवर लिहिलेलं, प्राचीन भारतीय पद्धत, संशोधन साहेबाचं. मी इथल्या लोकांसारखं म्हटलं, ग्रँड, म्हणजे झकास.

हिवाळा सरला आणि भिंत पापडासारखी सुटली. म्युझियमची मोठी बाई साहेबाला घेऊन माझ्या घरी आली, म्हणाली, मागाल ते देऊ. मी म्हटलं, पाटीवर माझ्या बापाचं नाव, मराठीत, आणि जुनी पाटी साहेबानेच काढायची. साहेब तेवढं एकच बोलला, “तुम्हाला माहीत होतं?”

“तुम्ही विचारलं कुठं साहेब, तुम्ही नुसतं लिहून घेतलंत.”

भिंत मी नव्याने सांधली, आणि पाटी काढायच्या दिवशी किल्ल्यात स्क्रू ड्रायव्हर माझाच दिला त्याला. चार स्क्रू होते, चौथा खाऱ्या हवेनं गंजलेला, बराच वेळ लागला. मी समोर बसून चहा प्यायलो.

राग गेला का विचारता? नाही गेला. गुळाऐवजी मी काय घालतो ते कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. साहेबाचं ऑफिस त्या किल्ल्यातच आहे, रोज धर्मा गवंड्याच्या पाटीखालून जावं लागतं. देव त्याला उदंड आयुष्य देवो, आणि नोकरी कधी न सुटो.