नववी बाटली

अध्यक्षस्थानी बसलेले आपले संचालकसाहेब, शेजारी बसलेले उत्पादनप्रमुख, ज्यांना निरोप द्यायला आज आपण कामाचे कपडे बदलून या सभागृहात आलो त्या आपल्या बाई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि मिश्रण विभागापासून गोदामापर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

माझा आवाज कापतोय, त्यात माइकचा काही दोष नाही. आज जे बोलणार आहे ते बोलू की नको, असं मी बाईंना गेल्या आठवड्यात तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "नुसतं कौतुकच करणार असशील, तर मी घरी थांबते."

बाईंना आपण 'नाकवाल्या बाई' म्हणतो. आधी पाठीमागे म्हणायचो, हल्ली तोंडावरही म्हणतो. सव्वीस वर्षं बाळांच्या आहाराची एकही बॅच त्यांनी वास घेतल्याशिवाय बाहेर पडली नाही. पाहुण्यांसाठी सांगते, आपल्या पावडरीत तेल असतं आणि हवेनं तेल खवट होतं. तसं होऊ नये म्हणून त्यात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व घालतात. मधासारखं दाट असतं. हवेचा मार ते आधी स्वतः खातं, म्हणून तेल टिकतं. एका बॅचला एक बाटली. पण तीच घालायची राहिली तर?

चार वर्षांपूर्वी मी मिश्रण विभागात होते. शिफ्ट संपताना कपाट उघडलं. आठ बाटल्या उरायला हव्या होत्या, नऊ होत्या. वहीत मात्र बाटली घातल्याची माझी सही होती, सवयीनं ठोकलेली. मी खरंच विसरले, की आधीची मोजणी चुकली होती? बाळाला बोलता येत नाही हो. खवट लागलं तर ते तोंड फिरवतं, आणि आईला वाटतं लेकरू हट्टी आहे.

मी तडक बाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. एरवी प्रत्येक बॅच तपासणारं प्रयोगशाळेतलं यंत्र त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलं होतं. त्यांनी त्या बॅचचे नमुने गरम कपाटात ठेवले, शेजारी एका चांगल्या बॅचचे ठेवले. उबेत दोष लवकर उघडा पडतो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी उघडली, वास घेतला आणि ठीक असल्याचं सांगितलं. बॅच सुटली. गाडी भरायला लागली.

मीही त्या बरणीत डोकावले होते. मला जुन्या रंगाच्या डब्यासारखा बारीक वास आला होता. पण बाईंना आला नाही, म्हणजे मलाच भास झाला असणार. काळजीनं माणसाला काय काय होतं, नाही का?

त्याच दुपारी प्रयोगशाळेत बर्नरजवळची रबरी नळी करपली. दारातून जाणारा शिपाईसुद्धा थबकला. बाई नळीपासून दोन हातांवर बसून शांतपणे लिहीत होत्या. मी आधी नळी बाजूला केली, मग दार लावलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन महिने झाले. मला ताप आला होता ना, त्यानंतर काहीच येत नाही."

घरी दूध नासलं तेही यजमानांनी सांगितल्यावर कळलं, असं त्या म्हणाल्या. आज येईल, उद्या येईल, अशी वाट बघत दिवस ढकलले होते. नाकच गेलं तर या इमारतीत आपल्याला कोण विचारणार, ही भीती त्यांनी मला पहिल्यांदाच बोलून दाखवली. मग उठल्या. "चल, दोघींनी जाऊ. आधी माझं सांगते."

वरच्या ऑफिसकडे जाणाऱ्या जिन्याच्या अठरा पायऱ्या मला अजून आठवतात. आज व्यासपीठावर बसलेल्या उत्पादनप्रमुखांनी आमचं दोघींचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, माल कुठवर गेलाय? अर्धा माल दुकानांत पोचला होता. तो संध्याकाळपर्यंत परत मागवला. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: टोकोफेरॉल घातलेलंच नव्हतं. परत आलेली पाकिटं मोजल्यावर एकाही बाळापर्यंत पाकीट गेलं नाही, हे कळलं तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

दोघींनाही ताकीद मिळाली. मला मिळाली ती योग्यच होती. बाईंनीही स्वतःची योग्य मानूनच घेतली. पुढे त्यांनी आम्हा पाच जणांना वास घ्यायला शिकवलं, स्वतःला येत नसताना, निव्वळ आठवणीतून. जुना रंग, मेणाचे खडू, ओला पुठ्ठा. आम्ही वासाचं वर्णन करताना अडखळलो की त्या डोळे मिटून सांगायच्या, आणि नेमकं तेच असायचं. आता पाचही जणांनी होकार दिल्याशिवाय माल हलत नाही. बाईंचा वास थोडा परत आलाय. सगळा नाही.

सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत मी बसणार आहे. खरं सांगू? भीती वाटते. काल घरी दूध तापवताना मी चार वेळा वास घेतला. माझे यजमान म्हणाले, अगं, पिऊ दे आता.

बाई, तुम्ही त्या दिवशी माझ्याआधी बोललात, त्यासाठी तुमचे आभार. अध्यक्षमहोदयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. या भाषणात काही कमी-जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. कामात चुकले तर मात्र पदरात घेऊ नका. त्याच दिवशी येऊन सांगा.