एस्तानलीचा 'ए'

...आणि वर गावभर माझंच नाव, पोरगी बापाला छळते म्हणून! अहो, मी इथे स्पेनात, खाएनच्या शाळेत इंग्रजी शिकवते, आणि माझ्याच घरात माझा बाप, सेफेरीनो, सख्ख्या नातवाला हाक कशी मारतो? 'एस्तानली!' स्टॅन्ली नाव आहे हो पोराचं. माझा भाऊ इसीद्रो इंग्लंडात लीड्सला गेला, तिथलीच बायको केली, तिथलंच नाव ठेवलं. पण आमच्याकडे 'स्ट' आलं, 'स्प' आलं, की आधी 'ए' लावल्याशिवाय कुणाची जीभ उंबरठाच ओलांडत नाही. एस्टॉप! एस्पोर्ट! मी म्हणायची, बाबा, काय अडतं त्या 'ए'वाचून?

तुम्हाला सांगते, दर रविवारी जेवणं झाली की व्हिडिओ लावून फोन तेलाच्या बाटलीला टेकवायचा आणि बाबा ओरडणार, फोन नसता तरी लीड्सला ऐकू गेलं असतं असं... 'एएएएस्तानली!' ऑलिव्हच्या रानात पलीकडच्या टेकडीवरच्याला हाक घालतात ना, तस्संच! आणि ते पाच वर्षांचं कार्टं तिकडे खुर्चीत लोळून लोळून हसणार. त्याला स्पॅनिश येत नाही, बाबाला इंग्रजी येत नाही, झालं, एवढंच यांचं बोलणं! माझं डोकंच फिरायचं. नातू आजोबाला हसतो म्हणजे काय? लाज नको वाटायला?

मग शिकवलं. थंडीभर शिकवलं. बाबा दिवसभर ऑलिव्ह पाडायला झाडं झोडपून यायचा, हात फुटलेले, आणि मी दारातच उभी.

'म्हण. सापासारखं सोड. स्स्स...'

'एस्स्स...'

'ए नको!'

'अगं पोरी, उडी मारायच्या आधी माणूस श्वास घेतो की नाही?'

'काय अडतं त्या 'ए'वाचून?'

आणि आमचं गाव तर काय विचारता! इथे इंग्रजी चुकीचं बोला, कुणी ढुंकून बघत नाही. नीट बोला, की माणूस बाटला! बाबानं एकदा बारमध्ये सरावासाठी म्हणून 'स्टॅन्ली' म्हटलं, अगदी स्वच्छ, तर बारवाला एलादियो टाचा जुळवून उभा, 'या लॉर्डसाहेब! राजवाड्यात सगळं क्षेम ना? बिअर चालेल, का चहा टाकू?' सगळा बार खिदळला. तेव्हापासून बाबा पत्ते खेळायलाही गेला नाही तिकडे.

पण शिकला! रविवारी दाढी केली, कॉलरचं बटण लावलं, फोनसमोर ताठ बसला आणि हळूच म्हणाला, 'स्टॅन्ली.'

पोरगं फोनकडे निरखून बघायला लागलं.

मग आपल्या आईकडे वळून विचारलं, 'हे कोण आहेत? माझे आजोबा कुठे गेले?' ते इंग्रजीत, त्यामुळे आमच्या खोलीत फक्त मला कळलं. बाबा म्हणाला, 'काय म्हणतो गं?' मी म्हटलं, 'छान जमलं म्हणतो.' पण बाबाला इंग्रजी येत नसलं तरी तोंडं वाचता येतात हो! तेवढ्यात पोरानं तोंड फोनला चिकटवलं आणि बारीक आवाजात, आपण बंद दारावर टकटक करतो ना, तसं, 'एएए?' केलं. थांबलं. वाट बघत.

बाबानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, 'स्टॅन्ली.'

इतकं शुद्ध! माझ्या वर्गात एकाला तसं येत नाही! पोरगं खुर्चीवरून उतरलं आणि निघून गेलं.

आता दर रविवारी, नेमका फोनच्या वेळेला, बाबाला झाडांची छाटणी सुचते. जेवणानंतर, रविवारी, कोण छाटणी करतं हो? मी फोन हातात घेऊन ढेकळं तुडवत मागे, 'बाबा, पोरगं थांबलंय. लाव ना 'ए'. एकदाच. पूर्वीसारखा.'

तो करवत पुसतो, झाडाकडे बघतो आणि मलाच विचारतो, 'काय अडतं गं त्या 'ए'वाचून?'