चार पायऱ्या आणि वरची रिकामी खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष दत्ताजीराव, व्यासपीठावरील मान्यवर, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या वसुंधराताई, आणि दांडिया बाजार, वाडी, पाणीगेट येथून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी शुभंकर. ताईंच्या कचेरीत नऊ वर्षे अर्ज लिहितो. भाषण प्रथमच करतो आहे, म्हणून लिहून आणले आहे. शेवटचा भाग मात्र अर्ध्या तासापूर्वी बदलला. तिथे अडखळलो तर समजून घ्यावे. सत्कारमूर्ती खाली आणि त्यांची खुर्ची वर रिकामी, असे का, तेही त्यातच येईल.

ताई दोनदा नगरसेविका होत्या, एकदा आमदार. आता त्या राजकारणातून निवृत्त होत आहेत. त्यांच्या कामांची यादी पत्रिकेत छापली आहे, मीच ती तपासली. म्हणून तिच्यात नसलेले सांगतो.

मी नववीपर्यंत शिकलो. दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि माझी चाकाची खुर्ची तळमजल्यावर. आई मला ताईंकडे घेऊन गेली. अर्ज मी स्वतः लिहिला होता. तो वाचून ताई म्हणाल्या, "अक्षर छान आहे. पण 'कृपा करून' पाच वेळा का लिहिलंस? वर्ग खाली आणणं ही कृपा आहे का?" पाचही ठिकाणी त्यांनी रेघ मारली. वर्ग खाली यायला दोन वर्षे लागली. तोवर माझी शाळा सुटली होती. आज त्या वर्गात दुसरी मुले बसतात.

ताईंची एक पद्धत आपल्याला ठाऊक असेल. ज्या कचेरीत चाकाची खुर्ची जात नाही, तिथे त्या जिन्याखाली बाकडे मांडून बसत आणि साहेबांना निरोप पाठवत. पाणीगेटच्या झुबेदाबेन आज आल्या आहेत. त्यांच्या मुलाला चालता येत नाही. त्याच्या दाखल्यासाठी ताई तीन दिवस अशा बसल्या. चौथ्या दिवशी साहेब शिक्का घेऊनच खाली आले. तेव्हा आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले होते, "ताई, पाणीगेटात तुम्हाला मत कोण देणार?" ताई म्हणाल्या, "मतं निवडणुकीत मोजू. आज मंगळवार, साहेब भेटतात."

उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून ताईंनी गांधीनगरला एकच निवेदन दिले. या राज्यात आपण मराठी माणसेही अल्पसंख्याकच आहोत, असे त्या आपल्याला सांगत. आपल्याला ते आवडत नसे. पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या, त्या पाणीगेटमुळे नव्हे. आपल्या मराठी दांडिया बाजारानेच पाडले. मी तिथलाच आहे, म्हणून बोलतो.

आता बदललेला भाग. आजची व्यवस्था माझ्याकडे होती. यादीत एकेचाळीस गोष्टी होत्या: शाल, श्रीफळ, समई, वाती, काडेपेटी, जादा काडेपेटी. व्यासपीठाला उतार नव्हता. नऊ वर्षे मी उतारांसाठी अर्ज लिहिले आणि इथेच कसा विसरलो? व्यासपीठावर आपल्यालाही जायचे असते, हे माझ्या मनातच कधी आले नव्हते.

समितीचे उदयसिंहराव म्हणाले, "अरे, दोघं मिळून उचलतो तुला. अर्ध्या मिनिटाचं काम." ताई तेव्हा पहिल्या पायरीवर होत्या. त्यांनी वळून विचारले, "शुभंकर, तू कुठून बोलणार?"

"खालून."

"मग माझी जागा खालीच धरा."

"अहो ताई, सत्कार तुमचा आहे," उदयसिंहराव म्हणाले.

"तुमचाही करू कधीतरी, उदयसिंहराव. या, बसा शेजारी."

ते बसले आहेत. आपल्याला दिसतच आहेत.

मी थांबतो. अध्यक्षमहोदयांना एक विनंती आहे; ती पाच वेळा करणार नाही. शाल आणि श्रीफळ घेऊन आपण खाली यावे. पायऱ्या चार आहेत, डाव्या बाजूला कठडा आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर माफ करावे. उताराची चूक मात्र माफ करू नये. पुढच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे.