फायलीला कागद लागतो

—थांब थांब, पाठवू नकोस! पाटीवर नंबर लिहिलाय म्हणून लगेच व्हॉट्सअ‍ॅप करायचं? सगळेच करतात गं, आधारकार्डं काय, मार्कशिटा काय — पण तू आत्ता म्हणालीस ना, कुणा पोरानं तुझे तसले फोटो टाकलेत, पोलिसांत द्यायला प्रिंट हवीय — ते नको. खाली काय बघतेस? लाज त्या मेल्याला वाटू दे. तुझ्याआधी एक आली होती, चेतना. इथंच, तू उभी आहेस तिथं. तिलाही हवालदार म्हणाले, मोबाईल दाखवून भागत नाही, फायलीला कागद लागतो, रंगीत, पाच सेट. आणि म्हणाले, चारकोपात सुगंधाबाईंचं झेरॉक्स आहे, तिथं जा, लेडीज आहे, भरवशाची. भरवशाची! तिनं फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, मी शटर अर्धं ओढलं, कुणाला आत घेतलं नाही, कागद पालथे घालून हातात दिले. देवाशप्पथ, एवढी काळजी घेतली मी.

मग काय झालं? नातवाचं बारसं झालं. नितेशनं, माझ्या मुलानं, मोठा टीव्ही आणलेला. म्हणाला, आई, तुझा फोन जोडतो, फोटो आपोआप दिसतील. मला वाटलं बाळाचे! मला काय ठाऊक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळंच तिकडे जातं? पाळण्याभोवती बायका, मी घुगऱ्या वाटतेय — आणि एकदम सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. वळून बघते तर चेतना. एवढी मोठी. तशी... रिमोट सापडेना. शेवटी वायरच ओढली. तिच्या बिल्डिंगमधल्या दोघी होत्या गं तिथं. संध्याकाळपर्यंत सेक्टरभर झालं.

मी काय म्हणाले? म्हणाले, फोन हॅक झाला. बातम्यांत ऐकलेला शब्द, तोंडात आला, बोलले. सगळ्यांना पटलं — कळतंय कुणाला त्यातलं? दुसऱ्या दिवशी चेतना आली. रडतपण नव्हती. म्हणाली, मावशी, माझे फोटो ज्यानं टाकले त्यानंच तुमचाही फोन हॅक केला ना? आणि मी... हो म्हटलं. तिनं तसं तक्रारीत लिहिलं, खाली मी साक्षीची सही केली. तो नालायकच आहे, पण हे त्यानं नव्हतं ना केलं. हे मी. एका वकिलाला विचारलं, नाव न सांगता, की न कळून असं झालं तर कायदा काय म्हणतो? हसला. म्हणाला, मावशी, हे कायदे लिहिले तेव्हा असले टीव्ही कुठं होते!

ती? गेली. घर खाली केलं त्यांनी. कुणी म्हणतं भांडुप, कुणी विक्रोळी. मी शोधलं नाही. शोधून सांगू काय?

फोटो... आहेत ना अजून. चॅटमधून काढले, वाटलं गेले. पण फोन मधेच गाणं लावून आपोआप फोटो दाखवतो, जुन्या आठवणी म्हणून — बाळ, बाळ, मी, आणि मग ती. भाजी चिरताना, देवापुढं बसले असताना, कधीही. झोप उडालीय माझी. नितेशला कळलंय बहुतेक, टीव्ही विकून टाकला त्यानं, पण आम्ही दोघंही बोलत नाही. त्याच्या हातात कसा देऊ हा फोन, पुरुषमाणूस तो. तुला येतं ना? तुम्हा मुलींना येतं सगळं. घे, कायमचे काढून दे. हं, त्यातच. खाली जा... अजून खाली...

काय झालं? अशी काय बघतेस?

अगं बाई. तुलाही दाखवली ना मी ती. आत्ता, माझ्याच हातानं.

दे तो फोन. दे म्हणते ना! जा तू. दुकान बंद आहे.