जिंका, पण थोडंच!

नाही, पण मला सांगा, स्वतःच्या नवऱ्याची टीम जिंकतेय म्हणून भर मैदानात रडणारी बाई पाहिलीये कधी? ती मी! डेव्हनपोर्टला, अठ्ठ्याहत्तर साली, बेसबॉलच्या सीझनच्या शेवटच्या सामन्याला... आमचा हर्शेल पडला शेवटचा पिचर, म्हणजे अगदी शेवटी बॉल टाकायला येणारा. आठ इनिंग कुंपणाजवळच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या, आणि टीम पुढे असेल तर नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला येऊन सामना राखायचा. राखला की नावावर एक 'सेव्ह'. पण मेख बघा, आघाडी तीन धावांची, नाहीतर त्याहून कमी हवी! चार झाली की सोन्याचा हात घेऊन या, सेव्ह नाही!

वय अडतीस. सोळा वर्षं त्या सेव्हच्या यादीत कधी पाचवा, कधी तिसरा... यंदा पहिला! पण एकटा नाही हो! वॉसॉच्या टीमचा तो बावीस वर्षांचा टिबेट्स, त्याचेही चोवीस, याचेही चोवीस. त्याचे सामने आदल्या दिवशीच संपलेले. म्हणजे आम्हाला एक, फक्त एक हवा! म्हणून मी देवाला म्हणतेय, जिंकू दे रे, पण थोडंच जिंकू दे!

सहाव्या इनिंगपर्यंत दोन-शून्य. वा! तेवढ्यात आमच्या टीमचा डेल्मर, अख्खा उन्हाळा ज्याची बॅट बॉलला भेटली नाही, त्यानं तिन्ही बेसवर माणसं असताना बॉल भिरकावला थेट पार्किंगमध्ये! एका फटक्यात चार धावा, सहा-शून्य! सगळं मैदान नाचतंय आणि मी ओरडले, "अरे मुडद्या, आजच सुचलं का तुला?"

शेजारी कोण? डेल्मरची बायको, ओपल! हातातला हॉट डॉग तसाच. "व्हर्ना, पाच महिन्यांनी मारलाय गं त्यानं..." डोळ्यांत पाणी. मग मीही रडले. रडत रडत तिला सगळं सांगितलं. नाक पुसत म्हणते, "अगंबाई! थोडंच जिंकायचंय होय?"

आठव्याला पाहुण्यांनी तीन धावा काढल्या. आम्ही दोघी टाळ्या! मागचा म्हातारा खेकसला, "बायांनो, टीम कुठली तुमची?" ओपल म्हणते, "हीच हो! पण थोडीच!"

मग आमची पाळी. दोघं बाद, तिसऱ्या बेसवर माणूस, आणि पुन्हा डेल्मर! एक धाव निघाली की आघाडी चार! ओपलनं माझा हात धरला. 'मार' म्हणेना, 'मारू नको'ही म्हणेना बिचारी. त्यानं हाणला... गेला... गेला... कुंपणाला चिकटून झेल! ओपल हुश्श म्हणाली आणि लगेच रडली.

सहा-तीन. आला हर्शेल! मी डोळे गच्च मिटले, ओपल सांगत होती. "पहिला गेला... दुसरा गेला... अगं, उघड डोळे!" तिसऱ्याची बॅट नुसती हवेत फिरली, सामना खलास. पंचवीस!

संध्याकाळी फोन. कोण? टिबेट्स! "सर, अभिनंदन! तुमचा तो हळू पडणारा बॉल धरता कसा हो?" मी खुणा करतेय, ठेव, ठेव फोन! छे! खांदा बर्फात, फोन मानेत, हातात बॉल म्हणून माझा कांदा, आणि तासभर शिकवतोय. "अंगठा खाली घे बाळा, अंगठा खाली!" अरे, फोनवर अंगठा दिसतो का?

फोन ठेवून म्हणतो, "पोरगं गुणी आहे. पुढच्या वर्षी नक्की पहिलं येणार."

म्हटलं, "म्हणजे पुढच्या वर्षीही खेळणार तू?"

"मग? तो पहिला येणार, तर दुसरं कुणीतरी यायला नको?"

म्हटलं, दे तो कांदा इकडे, सूप राहिलंय.